अमेरिकेतील जनमत, प्रसारमाध्यमे आणि निवडणूक प्रचार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जनमत, प्रसारमाध्यमे आणि निवडणूक प्रचार हे तीन घटक एकमेकांत गुंतलेले असून त्या देशाच्या लोकशाही व्यवहाराचा मोठा भाग त्यांच्या परस्परसंबंधांतून घडतो. जनमत चाचण्या मतदारांचा कल मोजतात, प्रसारमाध्यमे तो कल व उमेदवारांची भूमिका लोकांपर्यंत पोहोचवतात आणि प्रचारयंत्रणा या दोहोंच्या आधारे तो कल बदलण्याचा प्रयत्न करते. अमेरिकेत भारतासारखा राष्ट्रीय पातळीवर मतमोजणी करून निकाल जाहीर करणारा निवडणूक आयोग नाही. त्यामुळे मतदानाच्या रात्री विजेत्याची पहिली घोषणादेखील वृत्तसंस्था व दूरचित्रवाणी वाहिन्याच करतात.

निवडणुकीपूर्वीचा अंदाज, निवडणुकीतील माहिती आणि निवडणुकीनंतरची घोषणा या तिन्ही गोष्टी अशा प्रकारे माध्यमांच्या मार्गाने नागरिकांपर्यंत पोहोचतात. म्हणूनच माध्यमांवरील विश्वास ओसरला, की त्याचा परिणाम वृत्तपत्रांच्या खपापुरता मर्यादित न राहता थेट निवडणुकीच्या निकालाच्या स्वीकारार्हतेवर होतो. इ.स. २०२० नंतरच्या अमेरिकी राजकारणात हा प्रश्न प्रकर्षाने पुढे आला आहे.

संकल्पना

‘जनमत’ म्हणजे सार्वजनिक प्रश्नांवर नागरिकांनी व्यक्त केलेल्या मतांचा समुच्चय, अशी ढोबळ व्याख्या केली जाते. मात्र ही मते कोठून येतात, याविषयी अमेरिकी विचारवंतांमध्ये जुना वाद आहे. पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की सामान्य नागरिकाचा संबंध प्रत्यक्ष घटनांशी क्वचितच येतो. त्याच्या मनात त्या घटनांचे एक चित्र असते आणि तो त्या चित्राला प्रतिसाद देतो. हे चित्र प्रामुख्याने वृत्तपत्रे पुरवत असल्याने ते अपुरे किंवा विपर्यस्त असू शकते. लोकशाहीचा कारभार चालवण्यासाठी तज्ज्ञांचे साहाय्य अपरिहार्य आहे, असा लिपमन यांचा निष्कर्ष होता.

तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी १९२७ सालच्या ‘द पब्लिक अँड इट्स प्रॉब्लेम्स’ या ग्रंथात या प्रश्नाचा वेगळा विचार मांडला. नागरिकांची आकलनशक्ती कमी नसून परस्परसंवादाची साधने दुबळी आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. ही साधने सुधारल्यास समाज आपले प्रश्न स्वतः ओळखू शकेल, असा त्यांचा विश्वास होता. शंभर वर्षांनंतरही माध्यमांविषयीच्या बहुतेक चर्चा या दोन भूमिकांच्या दरम्यान फिरताना दिसतात.

घटनात्मक चौकट

अमेरिकेतील प्रचाराचे स्वरूप समजण्यासाठी दोन घटनात्मक तरतुदी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे १७९१ साली अमलात आलेली पहिली घटनादुरुस्ती. भाषण व मुद्रण स्वातंत्र्यावर गदा आणणारा कायदा काँग्रेसला करता येणार नाही, असे ती सांगते. या तरतुदीमुळे प्रचारावर, जाहिरातींवर किंवा मतदानोत्तर चाचण्यांवर सरसकट बंदी घालणे तेथे जवळजवळ अशक्य आहे. १९६४ सालच्या ‘न्यू यॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या संरक्षणाची व्याप्ती वाढवली. सार्वजनिक पदाधिकाऱ्याला बदनामीचा दावा जिंकायचा असल्यास मजकूर खोटा आहे एवढे दाखवून भागत नाही. तो खोटा असल्याचे ठाऊक असताना किंवा सत्यासत्याची पर्वा न करता छापला, हेही त्याला सिद्ध करावे लागते.

दुसरी तरतूद राष्ट्राध्यक्षाच्या अप्रत्यक्ष निवडणुकीची. मतदार आपापल्या राज्यातील निर्वाचक निवडतात आणि एकूण ५३८ निर्वाचकांपैकी किमान २७० जणांची मते मिळवणारा उमेदवार विजयी होतो. मेन व नेब्रास्का ही दोन राज्ये वगळता सर्वत्र, राज्यात आघाडी घेणाऱ्या उमेदवाराला तेथील सर्व निर्वाचक मिळतात. परिणामी कॅलिफोर्नियासारख्या ५४ निर्वाचकांच्या, पण एका पक्षाकडे ठाम झुकलेल्या राज्यात प्रचारसभा घेण्याचे उमेदवारांना विशेष कारण उरत नाही. २०२४ साली ॲरिझोना, जॉर्जिया, मिशिगन, नेवाडा, नॉर्थ कॅरोलिना, पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिन या सात राज्यांत मिळून ९३ निर्वाचक होते. दोन्ही पक्षांचा पैसा, वेळ व मनुष्यबळ यांचा फार मोठा हिस्सा या सात राज्यांत खर्च झाला. उरलेल्या देशाने तो प्रचार बव्हंशी पडद्यावरच पाहिला.

जनमत चाचण्यांचा इतिहास

निवडणुकीपूर्वी मतांचा अंदाज घेण्याचा ज्ञात असा पहिला प्रयत्न १८२४ साली पेनसिल्व्हेनियातील एका वृत्तपत्राने केला. एकोणिसाव्या शतकात अशा अनौपचारिक मतगणना लोकप्रिय झाल्या, परंतु त्यांना शास्त्रीय आधार नव्हता.

१९३६ सालची निवडणूक या क्षेत्रातील निर्णायक टप्पा मानली जाते. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना टपालाने मतपत्रिका पाठवल्या आणि त्यांपैकी २० लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून रिपब्लिकन उमेदवार आल्फ्रेड लँडन सहज जिंकतील, असे भाकीत साप्ताहिकाने केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मते मिळाली आणि ४८ पैकी ४६ राज्ये त्यांनी जिंकली. मतपत्रिका पाठवण्यासाठी दूरध्वनी पुस्तिका व मोटारगाड्यांच्या नोंदी वापरल्या गेल्याने महामंदीच्या काळातील गरीब मतदार त्या यादीत पुरेसे आलेच नव्हते. शिवाय मतपत्रिका परत पाठवणाऱ्यांमध्ये रूझवेल्ट यांच्या विरोधकांचे प्रमाण अधिक होते. याउलट, १९३५ साली स्वतःची संस्था स्थापन केलेल्या जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने फारच लहान नमुन्यावरून विजेता अचूक सांगितला होता. नमुना मोठा असण्यापेक्षा तो प्रातिनिधिक असणे महत्त्वाचे, हा धडा येथून रुजला.

बारा वर्षांनी हाच धडा नव्या पद्धतीलाही शिकावा लागला. १९४८ साली गॅलप यांच्यासह प्रमुख चाचणीकारांनी थॉमस ड्युई यांचा विजय वर्तवला आणि ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ने तसा मथळाही छापला. तो अंक हाती उंचावून हसणाऱ्या विजयी हॅरी ट्रुमन यांचे छायाचित्र पत्रकारितेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. मतदानापूर्वी काही आठवडे आधीच मुलाखती थांबवणे आणि विविध गटांतील माणसे ठरावीक संख्येने निवडण्याचे काम मुलाखतकारांच्या मर्जीवर सोडणे, ही त्या अपयशाची प्रमुख कारणे मानली गेली. त्यानंतर यादृच्छिक निवडीच्या पद्धतीकडे चाचणीसंस्था वळल्या.

चाचणीची पद्धत व तिच्या मर्यादा

यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या सुमारे १,००० व्यक्तींच्या नमुन्यात चुकीची मर्यादा साधारणतः अधिक-उणे ३ टक्के असते. ही मर्यादा एका उमेदवाराच्या टक्केवारीसाठी असते. दोन उमेदवारांमधील अंतराला ती लावायची झाल्यास जवळपास दुप्पट होते. म्हणून एखादा उमेदवार ‘२ टक्क्यांनी आघाडीवर’ असल्याचे वृत्त येते, तेव्हा त्याचा शास्त्रीय अर्थ ‘लढत अनिर्णित आहे’ इतकाच असतो. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत हा फरक सहसा उतरत नाही.

एकविसाव्या शतकात चाचण्यांपुढील मुख्य अडचण प्रतिसादाची आहे. प्यू संशोधन केंद्राच्या दूरध्वनी चाचण्यांना १९९७ साली ३६ टक्के प्रतिसाद मिळत असे. २०१८ साली हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. उत्तर देणारे थोडे लोक उत्तर न देणाऱ्या बहुसंख्यांसारखेच आहेत, हे गृहीत धरणे त्यामुळे कठीण झाले आहे. वय, वंश, शिक्षण, प्रदेश इत्यादींच्या जनगणनेतील प्रमाणानुसार उत्तरांना कमीअधिक भार देऊन ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला जातो.

२०१६ साली राष्ट्रीय पातळीवरील चाचण्यांची सरासरी फारशी चुकली नव्हती. हिलरी क्लिंटन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २८ लाख मते अधिक मिळाली, म्हणजे अंतर साधारण २ टक्क्यांचे राहिले. मात्र विस्कॉन्सिन, मिशिगन व पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतील एकत्रित ८० हजारांहून कमी मतांच्या फरकाने निवडणुकीचा निर्णय केला आणि नेमक्या अशा राज्यांतील अनेक चाचण्यांनी शिक्षणानुसार भार दिलेला नव्हता. पदवीधर मतदार चाचण्यांना अधिक उत्तरे देतात व त्या वर्षी ते क्लिंटन यांच्याकडे झुकलेले होते. ही त्रुटी पुढे सुधारण्यात आली, तरीही २०२० साली राष्ट्रीय चाचण्यांतील चूक गेल्या चाळीस वर्षांतील सर्वांत मोठी ठरली. अमेरिकेतील चाचणी संशोधकांच्या संघटनेने तिची चौकशी केली, पण निश्चित कारण हाती लागले नाही. चाचणीसंस्थांवर आणि माध्यमांवर अविश्वास असलेले मतदार चाचणीतूनच बाहेर राहतात, ही शक्यता गांभीर्याने मांडली गेली. तसे असल्यास अविश्वास हा मोजमापाचा केवळ विषय राहत नाही, तो मोजमापच बिघडवतो.

प्रसारमाध्यमांची स्थित्यंतरे

प्रजासत्ताकाच्या प्रारंभीच्या काळात अमेरिकी वृत्तपत्रे उघडपणे पक्षांची मुखपत्रे होती. १८३०च्या दशकात एका सेंटला मिळणारी स्वस्त दैनिके निघाली आणि जाहिरातींवर चालणारा मोठा वाचकवर्ग निर्माण झाला. सर्व पक्षांच्या वाचकांना विकायचे असल्याने बातमी व मत वेगळे ठेवण्याची प्रथा हळूहळू रूढ झाली. निःपक्षपाती पत्रकारिता ही अशा प्रकारे काही अंशी तत्त्वनिष्ठेतून, तर काही अंशी बाजाराच्या गरजेतून जन्मली.

२ नोव्हेंबर १९२० रोजी पिट्सबर्गमधील ‘केडीकेए’ या आकाशवाणी केंद्राने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल प्रक्षेपित केले. मार्च १९३३ पासून रूझवेल्ट यांनी रेडिओवरून ‘फायरसाइड चॅट्स’ या नावाने प्रसिद्ध झालेली भाषणे सुरू केली आणि राष्ट्राध्यक्षाचा आवाज मध्यस्थाविना घराघरांत पोहोचला.

दूरचित्रवाणीचे सामर्थ्य २६ सप्टेंबर १९६० रोजीच्या जॉन केनेडी व रिचर्ड निक्सन यांच्या वादसभेने प्रस्थापित केले. सुमारे ६.५ ते ७ कोटी प्रेक्षकांनी ती पाहिली. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन व चित्रवाणीवर पाहणाऱ्यांना केनेडी सरस वाटले, ही कथा पाठ्यपुस्तकांतून सर्रास सांगितली जाते, परंतु तिला आधारभूत असलेला पुरावा तोकडा आहे. पुढील दोन दशके एबीसी, सीबीएस व एनबीसी या तीन वाहिन्यांची संध्याकाळची बातमीपत्रे हेच देशाचे समान वृत्तपीठ होते. त्यांत अल्पसंख्य समूहांचे प्रश्न व प्रस्थापितांपलीकडचे विचार अनेकदा वगळले जात. तरीही वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना निदान वस्तुस्थिती एकाच ठिकाणाहून कळत असे.

ही स्थिती १९८०नंतर बदलली. सीएनएन ही अखंड वृत्तवाहिनी १९८० साली, तर एमएसएनबीसी व फॉक्स न्यूज या वाहिन्या १९९६ साली सुरू झाल्या. १९४९पासून लागू असलेले ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ म्हणजे वादग्रस्त विषयांत दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन १९८७ साली संघीय दळणवळण आयोगाने रद्द केले. त्यानंतर रेडिओवरील राजकीय चर्चेचे एकतर्फी कार्यक्रम झपाट्याने वाढले. केबल वाहिन्यांच्या पक्षपातालाही हेच कारण दिले जाते, मात्र ते बंधन हवेतून प्रक्षेपण करणाऱ्या परवानाधारक केंद्रांपुरतेच होते आणि केबल वृत्तवाहिन्यांना ते तसेही लागू झाले नसते. १९९६ सालच्या एका कायद्यातील कलम २३०ने इंटरनेट सेवादात्यांना वापरकर्त्यांच्या मजकुराच्या दायित्वातून मोठ्या प्रमाणात मुक्त केले. समाजमाध्यमांची पुढील वाढ या तरतुदीवर उभी आहे.

या सर्व बदलांत तुलनेने दुर्लक्षित राहिलेली घटना म्हणजे स्थानिक वृत्तपत्रांचा अस्त. छोट्या जाहिराती इंटरनेटवर गेल्याने त्यांचे उत्पन्न आटले आणि २००५नंतरच्या दोन दशकांत देशातील एक-तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली. शाळा मंडळ, नगरपरिषद, तालुका न्यायालय यांच्या बातम्या देणारे वृत्तपत्र बंद झाले, की तेथील नागरिक राष्ट्रीय वाहिन्यांकडे वळतो. गावातील नालीचा प्रश्न ज्याला माहीत नाही, त्याला राजधानीतील भांडणाचा तपशील मात्र पाठ असतो. परिणामी स्थानिक निवडणुकांतही मतदान राष्ट्रीय पक्षनिष्ठेनुसार होऊ लागल्याचे अभ्यासक नोंदवतात.

माध्यमांच्या प्रभावाविषयीचे संशोधन

माध्यमे मतदारांना हवे तसे वळवू शकतात, ही समजूत संशोधनाने बरीच सौम्य केली आहे. पॉल लाझार्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० साली ओहायो राज्यातील ईरी परगण्यात मतदारांच्या पुनःपुन्हा मुलाखती घेतल्या. प्रचारामुळे मत बदलणारे फारच थोडे निघाले. बहुतेकांची आधीची मते प्रचाराने पक्की झाली. ज्यांची मते ठरली, त्यांच्यावर वृत्तपत्रापेक्षा ओळखीच्या जाणत्या माणसाचा प्रभाव अधिक होता. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांच्या ‘द अमेरिकन व्होटर’ या १९६० सालच्या ग्रंथाने पक्षनिष्ठा बहुधा कुटुंबातून येते व दीर्घकाळ टिकते, असे दाखवले.

मॅक्सवेल मॅककोम्ब्स व डोनाल्ड शॉ यांनी १९६८च्या निवडणुकीत नॉर्थ कॅरोलिनातील चॅपल हिल येथे अभ्यास करून १९७२ साली वेगळा मुद्दा मांडला. लोकांनी कोणते मत बाळगावे हे माध्यमे ठरवू शकत नसली, तरी कोणता विषय महत्त्वाचा मानावा हे त्या ठरवू शकतात. अनेक वाहिन्या व समाजमाध्यमांच्या काळात या सिद्धान्ताला नवे वळण मिळाले आहे. पूर्वी संपूर्ण देशापुढे एकच विषयपत्रिका असे. आता प्रत्येक गटाची विषयपत्रिका वेगळी असते, त्यामुळे दोन मतदार परस्परविरोधी उत्तरे देतात असे नव्हे, तर ते मुळात निरनिराळ्या प्रश्नांना उत्तरे देत असतात.

प्रचाराचे स्वरूप

अमेरिकेतील प्रचार जगातील सर्वांत दीर्घ प्रचारांपैकी एक आहे. उमेदवारी पक्षश्रेष्ठी देत नाहीत. ती प्रायमरी व कॉकस या पक्षांतर्गत फेऱ्यांतून राज्याराज्यांत मिळवावी लागते. १९६८ सालच्या गोंधळानंतर झालेल्या सुधारणांमुळे प्रायमरींचे महत्त्व वाढले आणि त्यांबरोबर उमेदवाराची माध्यमांतील प्रतिमा निर्णायक झाली. पक्षसंघटना मागे पडून उमेदवाराचे स्वतःचे सल्लागार, चाचणीकार व जाहिरातकार पुढे आले.

राजकीय जाहिरातींचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण १९६४ सालचे आहे. फुलाच्या पाकळ्या मोजणारी लहान मुलगी आणि पाठोपाठ अणुस्फोट दाखवणारी लिंडन जॉन्सन यांची जाहिरात ७ सप्टेंबर रोजी एकदाच दाखवली गेली. परंतु बातमीपत्रांनी ती बातमी म्हणून पुन्हा दाखवल्याने तिचा प्रसार कितीतरी वाढला. वादग्रस्त विधान करून विनामूल्य प्रसिद्धी मिळवण्याचे पुढील काळातील तंत्र याच तत्त्वावर चालते.

संगणकीकृत मतदारयाद्यांमुळे घरोघरी जाणारे कार्यकर्ते आता कोणाचे दार वाजवायचे व कोणाचे टाळायचे हे आधी ठरवून निघतात. समाजमाध्यमांवरील जाहिराती तर ठरावीक गटांनाच दिसतात, त्यामुळे विरोधकांना किंवा पत्रकारांना त्यांची छाननी करणे अवघड जाते. केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीकडे फेसबुकच्या सुमारे ८ कोटी ७० लाखांपर्यंत वापरकर्त्यांची माहिती अयोग्य मार्गाने गेल्याचे २०१८ साली उघड झाले. त्या माहितीमुळे मते किती बदलली याविषयी अभ्यासक साशंक आहेत. नागरिकांच्या नकळत त्यांची माहिती राजकीय कामासाठी वापरली गेली, ही गंभीर बाब मात्र निर्विवाद आहे.

निवडणूक खर्च

‘बकली विरुद्ध व्हॅलेओ’ या १९७६ सालच्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराला दिल्या जाणाऱ्या देणग्यांवरील मर्यादा मान्य केली. राजकीय मत मांडण्यासाठी केलेल्या खर्चावरील मर्यादा मात्र भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरवली. जानेवारी २०१० मधील ‘सिटिझन्स युनायटेड’ निर्णयाने ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने हे तत्त्व कंपन्या व कामगार संघटनांच्या स्वतंत्र खर्चालाही लावले. त्याच वर्षी कनिष्ठ न्यायालयाच्या निर्णयातून ‘सुपर पॅक’ नावाच्या समित्या उदयास आल्या. उमेदवाराशी संगनमत न करण्याच्या अटीवर त्या अमर्याद देणग्या घेऊ शकतात. २०२४ साली एका व्यक्तीला संघीय उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ३,३०० डॉलरच देता येत होते. त्याच वर्षी उद्योजक इलॉन मस्क यांनी अशा समित्यांमार्फत ट्रम्प यांच्या समर्थनार्थ २५ कोटी डॉलरहून अधिक खर्च केला.

पैशाने निवडणूक विकत घेता येते, असा सरळ निष्कर्ष मात्र निघत नाही. २०१६ साली क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेने ट्रम्प यांच्यापेक्षा अधिक खर्च केला होता. २०२० साली मायकेल ब्लूमबर्ग यांनी स्वतःचे सुमारे १ अब्ज डॉलर खर्चून केवळ अमेरिकन सामोआ या बेटांवरील कॉकसची फेरी जिंकली. पैशाचा खरा प्रभाव कोण उमेदवार होऊ शकतो, कोणाचा दूरध्वनी निवडून आलेला प्रतिनिधी उचलतो आणि कोणते प्रश्न चर्चेतच येत नाहीत, यांत अधिक दिसतो, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

२०२४ सालची निवडणूक

२०२४ सालच्या निवडणुकीत जुन्या व नव्या माध्यमांचे सामर्थ्य एकाच वेळी दिसले. २७ जून रोजी अटलांटा येथे सीएनएनने आयोजित केलेल्या वादसभेत राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांची कामगिरी अत्यंत निराशाजनक ठरली. २१ जुलै रोजी त्यांनी उमेदवारी मागे घेतली आणि उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस डेमोक्रॅटिक उमेदवार झाल्या. दूरचित्रवाणीवरील एका वादसभेचा इतका थेट राजकीय परिणाम अमेरिकेच्या इतिहासात पूर्वी झालेला नव्हता.

दुसरीकडे, दोन्ही उमेदवारांनी पारंपरिक मुलाखतींना बगल देऊन पॉडकास्टचा आधार घेतला. ट्रम्प यांनी जो रोगन यांच्या, तर हॅरिस यांनी ‘कॉल हर डॅडी’ या कार्यक्रमात हजेरी लावली. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ व ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या दैनिकांनी कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा जाहीर न करण्याचा निर्णय घेतला व त्यावर वाचकांत तीव्र प्रतिक्रिया उमटली. जानेवारीत न्यू हॅम्पशायरमधील मतदारांना बायडेन यांच्या कृत्रिमरीत्या बनवलेल्या आवाजात, प्रायमरीत मतदान करू नका, असे दूरध्वनी गेले. त्यानंतर फेब्रुवारीत संघीय दळणवळण आयोगाने स्वयंचलित दूरध्वनींत असा आवाज वापरणे बेकायदा असल्याचे स्पष्ट केले.

ट्रम्प यांनी ३१२ निर्वाचक व सर्व सात निर्णायक राज्ये जिंकली, तर एकूण मतांत त्यांची आघाडी सुमारे दीड टक्क्याची होती. लढत चुरशीची असल्याचे चाचण्यांनी योग्य सांगितले होते, पण ट्रम्प यांचे बळ त्यांनी सलग तिसऱ्यांदा कमी आखले. आयोवा राज्यात अत्यंत विश्वसनीय मानल्या गेलेल्या एका चाचणीने हॅरिस यांना ३ टक्क्यांची आघाडी दिली होती. प्रत्यक्षात ट्रम्प तेथे सुमारे १३ टक्क्यांनी जिंकले.

निकालावरील विश्वासाचा प्रश्न

अमेरिकेत मतमोजणी राज्ये व परगणे करतात आणि अधिकृत निकाल काही आठवड्यांनी प्रमाणित होतात. मधल्या काळात असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १८४८पासून देशभरातील मतांचे संकलन करून विजेता घोषित करत आली आहे. या घोषणेला कायद्याचा आधार नाही. ती केवळ विश्वासावर चालते. या व्यवस्थेतील उणिवा पूर्वीही उघड झाल्या होत्या. १९८० साली पश्चिमेकडील राज्यांत मतदान चालू असतानाच एनबीसीने रोनाल्ड रेगन यांचा विजय जाहीर केला. २००० साली वाहिन्यांनी फ्लोरिडा आधी ॲल गोर यांच्या व नंतर जॉर्ज बुश यांच्या पारड्यात टाकून दोन्ही घोषणा मागे घेतल्या. अखेर ५३७ मतांच्या फरकाचा तो वाद सर्वोच्च न्यायालयात संपला. पण पराभूत गोर यांनी निर्णयाशी असहमती नोंदवत निकाल स्वीकारला.

२०२० साली हा संकेत मोडला. ७ नोव्हेंबर रोजी वृत्तसंस्थांनी बायडेन यांना विजयी घोषित केल्यावर ट्रम्प यांनी तो निकाल नाकारला. त्यांच्या बाजूने दाखल झालेले साठाहून अधिक खटले जवळजवळ सर्व फेटाळले गेले, तरी रिपब्लिकन मतदारांपैकी बहुसंख्यांना निवडणूक प्रामाणिक वाटली नाही, असे अनेक चाचण्यांत दिसले. ६ जानेवारी २०२१ रोजी निर्वाचक मतांची मोजणी चालू असताना जमावाने संसद भवनावर हल्ला केला. मतयंत्रे बनवणाऱ्या डॉमिनियन कंपनीने फॉक्स न्यूजवर बदनामीचा दावा लावला. गैरप्रकारांच्या आरोपांवर वाहिनीतील काही निवेदक व अधिकाऱ्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता, हे त्या खटल्याच्या कागदपत्रांतून पुढे आले. प्रेक्षक दुसऱ्या वाहिनीकडे जातील, ही चिंताही त्यांत नोंदलेली होती. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. माध्यम प्रेक्षकाला घडवते असे सामान्यतः म्हटले जाते, या प्रकरणात प्रेक्षकानेही माध्यमाला घडवल्याचे दिसले.

गॅलपच्या पाहणीनुसार १९७६ साली ७२ टक्के अमेरिकी नागरिकांचा वृत्तमाध्यमांवर बऱ्यापैकी किंवा पुरता विश्वास होता. २०२४ साली हे प्रमाण ३१ टक्के होते.

भारतीय व मराठी संदर्भ

भारतात लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ नुसार मतदान संपेपर्यंत मतदानोत्तर चाचण्या प्रसिद्ध करण्यास बंदी आहे. अमेरिकेत पहिल्या घटनादुरुस्तीमुळे अशी बंदी नाही. १९८०च्या अनुभवानंतर वाहिन्या एखाद्या राज्यातील मतदान संपेपर्यंत तेथील अंदाज न देण्याचे बंधन स्वतःहून पाळतात.

बेळगावात वाढलेले मराठी भाषक उद्योजक श्री ठाणेदार यांचा राजकीय प्रवास या विषयाचे लहानसे उदाहरण ठरतो. २०१८ साली मिशिगनच्या राज्यपालपदासाठी त्यांनी मुख्यतः स्वतःच्या पैशांतून दूरचित्रवाणीवर जाहिराती केल्या. सुरुवातीच्या काही चाचण्यांत ते आघाडीवरही दिसले. डेमोक्रॅटिक प्रायमरीत मात्र ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. पुढे डेट्रॉइट परिसरातून ते आधी राज्य विधिमंडळात व २०२२च्या निवडणुकीत प्रतिनिधिगृहात निवडून गेले.

मूल्यमापन

चाचण्या, वाहिन्या व जाहिराती यांमुळे अमेरिकी मतदार हतबल झाला आहे, असे चित्र वस्तुस्थितीला धरून नाही. २०२० साली पात्र मतदारांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी मतदान केले व हे प्रमाण १९००नंतरचे सर्वाधिक होते. तसेच, तीन वाहिन्यांच्या काळाकडे परत जाणे शक्य नाही आणि त्या काळात ज्यांचा आवाज ऐकला गेला नाही त्यांच्या दृष्टीने ते इष्टही नाही.

मात्र लोकशाहीत निवडणूक विजेता ठरवते, तशीच ती पराभूत बाजूला आपण हरलो हे पटवतेही. हे दुसरे काम मतपेटी एकटी करू शकत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंना मान्य असलेली माहितीची काही समान साधने लागतात. अमेरिकेने ही साधने कायद्याऐवजी खासगी संस्थांच्या विश्वासार्हतेवर सोपवली. ती विश्वासार्हता घटत असताना राज्यांनी मतमोजणी अधिक पारदर्शक करणे, वृत्तसंस्थांनी विजेता घोषित करण्यामागची कारणे खुली करणे आणि ना-नफा तत्त्वावर स्थानिक वृत्तसेवा उभ्या करणे असे उपाय चालू आहेत. २०२४ साली पराभूत हॅरिस यांनी दुसऱ्याच दिवशी निकाल स्वीकारला आणि ६ जानेवारी २०२५ रोजी उपराष्ट्राध्यक्ष या नात्याने स्वतःच्या पराभवाच्या मतमोजणीचे अध्यक्षस्थान भूषवले. पुढील निवडणुकांत हा संकेत दोन्ही पक्षांकडून पाळला जातो का, यावर या व्यवस्थेचे स्थैर्य मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.